माथेरान बेंचवर आहे

आमच्या धंद्यात 'बेंच' नावाची एक भानगड असते. प्रोजेक्ट संपलं आणि पुढचं मिळालं नाही की माणूस बेंचवर. रोज ऑफिसला यायचं, कॉफी ढोसायची, एखादं ट्रेनिंग उरकायचं आणि महिनाअखेरीला पगार घ्यायचा. (बेंच फार लांबला की एचआरचं बोलावणं येतं, तो भाग वेगळा!) बाकीच्या जगात असली चैन नसते हे आपल्याला ऐकून माहीत असतं. ते बघायचं असेल तर जुलै महिन्यात, आठवड्याच्या मधल्या वारी माथेरानला जावं.

मधल्या वारी हे मुद्दाम म्हणतोय. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी शार्लोट लेकवर भिजायला मुंबईची पब्लिक लोटते आणि संध्याकाळी चिंब होऊन परत जाते. मी २०२५ च्या जुलैत गेलो तो मंगळवार होता. रिलीज नुकतंच पार पडलं होतं, दोन दिवसांचा कॉम्प-ऑफ शिल्लक होता आणि बरोबर यायला कुणीही तयार नव्हतं. "पॉइंटवरून काय ढग बघणार का?" असं एका मित्राने विचारलं. होय, ढगच बघितले. लुईझा पॉइंटवर उभं राहिल्यावर समोर दरी आहे की भिंत, हेसुद्धा कळत नव्हतं.

नेरळहून टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत येते, पुढे मोटारींना बंदी. टॉय ट्रेनने यावं म्हटलं तर पावसाळ्यात तीही नेरळहून सुटत नाही. ही २१ किलोमीटरची, दोन फुटी रुळांची लाइन अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी बांधली आणि १९०७ मध्ये ती सुरू झाली. डोंगरातल्या पावसाने तिला अनेकदा झोडपलंय. २००५ च्या जुलैत रूळ असे काही उखडले की गाडी पुन्हा धावायला २००७ उजाडलं. २०१९ च्या पावसानंतर तर थेट ऑक्टोबर २०२२. पावसाळ्यात फक्त अमन लॉज ते माथेरान एवढी शटल असते. आपल्या भाषेत चार महिन्यांची मेंटेनन्स विंडो. फरक एवढाच की रेल्वेच्या माणसांचा पगार या विंडोत चालू असतो. गावातल्या बहुतेकांचा नसतो.

बाजारात शिरलो तर निम्मी शटरं बंद. उरलेल्या दुकानांवर निळं प्लॅस्टिक ताणलेलं. एका चपलांच्या दुकानात एक काका जुन्या बनियनच्या फडक्याने एकेक चप्पल पुसत बसले होते. "चामडं आहे, दोन दिवस हात लावला नाही की बुरशी धरते," ते म्हणाले. गिऱ्हाईक नसलं तरी काम सुटत नाही. मी जोड घेतला तेव्हा त्यांनी भाव स्वतःहूनच कमी सांगितला. घासाघीस करायची मजाच गेली.

लॉजवरही तेच. मे महिन्याच्या तिसऱ्या हिश्शात खोली मिळाली. "जेवायला मात्र आम्ही खातो तेच मिळेल," मालक म्हणाले. आचारी आणि पोरं भातलावणीला गावाला गेली होती. त्यामुळे मालकीणबाईंच्या हातचं पिठलं, भात आणि लसणाची चटणी. (मे महिन्यातल्या त्या पनीरपेक्षा हजारपट भारी.) जेवताना मालकांनी सरळ हिशोब मांडला. खोल्या भरतात दिवाळीत, नाताळात आणि एप्रिल-मे मध्ये, शिवाय मधले काही शनिवार-रविवार. त्या पैशांत वर्षभराचं वीजबिल, कर्जाचा हप्ता, छपराची डागडुजी आणि मुलांच्या फिया. सिलिंडरपासून कांद्यापर्यंत सगळं घोड्यावर किंवा हातगाडीवर येणार, म्हणजे त्याचीही मजुरी. म्हणजे मे मधल्या खोलीच्या भाड्यात जुलैची बेगमी दडलेली असते. हे बिल फाडताना आपल्या लक्षात येत नाही.

पण मालकांकडे निदान खोल्या आहेत. बाजाराच्या टोकाला एका वळचणीखाली एक हातरिक्षावाले मामा बसले होते. मला बघून त्यांनी "पॉइंट बघायचे का?" असं विचारलंसुद्धा नाही. सकाळपासून एकच फेरी, दवाखान्यात निघालेल्या गावातल्याच एका आजींची. त्यांच्याकडून काय घेणार? लाल चिखलाच्या चढावर ही रिक्षा एकाने पुढून ओढायची आणि मागून ढकलायला आणखी माणसं. म्हणजे मिळालं तेही वाटून घ्यायचं. आम्ही बोलत असताना शाळेची पोरं कोंबलेली एक ई-रिक्षा आवाज न करता शेजारून गेली. मामा तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "चांगलीच आहे. आम्हाला मिळाली तर."

मी परत आल्यावर काही दिवसांतच, ६ ऑगस्ट २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला: माणसाने माणसाला ओढायची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा. सरकारने ई-रिक्षा विकत घेऊन खऱ्या रिक्षावाल्यांना भाड्याने द्याव्यात आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नये, असंही त्यात म्हटलंय. वाचून बरं वाटलं. हे फार आधीच व्हायला हवं होतं.

पण त्या वळचणीखाली बसल्यामुळे डोक्यात एक प्रश्न राहिला. ई-रिक्षाचं भाडं बारा महिन्यांचं घेणार की आठ? मे महिन्यातली गर्दी बघून कुणी भाडं ठरवलं तर जुलैत ते भरायचं कशातून? पाठीवरचं ओझं उतरलं तरी हप्त्याचं चढेल. पावसाळ्यात त्या रिक्षात बसणार शाळेची पोरं, आजारी माणसं, बाजार करून निघालेल्या बायका. त्यांच्याकडून टुरिस्टचे दर घेता येत नाहीत आणि घेऊही नयेत. म्हणून पावसाळ्याचे चार महिने भाडं कमी ठेवावं, हवं तर माफ करावं, असं माझं स्वच्छ मत आहे. पोरांना शाळेत पोचवणं हे कामच आहे, त्याला बेंच म्हणू नये.

असो. जुलैत जायचा विचार असेल तर छत्रीच्या फंदात पडू नका, वारा ती उलटी करतो. रेनकोट घ्या, बूट जुने घाला, पॉइंट दिसण्याची अपेक्षा ठेवू नका. जेवण लॉजवरच जेवा. चिक्की घ्या, एखादा चपलेचा जोड घ्या, आणि भाव आधीच कमी सांगितलेला असेल तर आणखी पाडू नका.