दर्या आणि दऱ्या

‘फाइल उघडत नाही’ ही मराठीच्या अध्यापकांची तक्रार वस्तुतः दोन निराळ्या दुखण्यांविषयीची असते. एकात फाइल खरोखरच उघडत नाही, कारण पेजमेकरसारखी ज्या प्रणालीत ती घडली ती आता संगणकावर नसते. दुसऱ्यात फाइल विनातक्रार उघडते, पण मराठीच्या जागी रोमन अक्षरे, डॉलर आणि टक्क्याची चिन्हे यांचा कालवा दिसतो. हे दुसरे दुखणे खास आपले आहे.

त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. युनिकोड रुळण्यापूर्वीचे बहुतेक मराठी फाँट रोमन अक्षरांसाठी राखलेल्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवीत. फाइलीत साठे तो घराचा क्रमांक. ‘क’ दिसे तो केवळ फाँटच्या कृपेने. शिवाय प्रत्येक उत्पादकाची मांडणी वेगळी. ‘आयएससीआयआय’ या संकेतप्रणालीला १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तरी छपाईचा व्यवहार पुढे दीर्घकाळ त्या खाजगी मांडण्यांवरच चालला.

आम्ही दोघे कात्रजला राहतो, दोघेही मराठी शिकवतो. आमच्या एका दिवंगत ज्येष्ठ सहकाऱ्यांनी घाटापलीकडच्या गावांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांच्या पत्नीने आमच्या स्वाधीन केल्या, त्या अशाच फाइलींत. ध्वनिफिती बुरशीने गेलेल्या. गाणाऱ्या बहुतेक बाया आता हयात नाहीत. म्हणजे त्या ओव्यांची एकमेव पोथी ती हीच, आणि तिची लिपी हरवलेली!

अशा वेळी पहिले पथ्य हे, की मूळ फाइलीवर काहीही ‘सेव्ह’ करू नये; प्रत काढून तिच्यावरच काम करावे. फाँटच्या यादीत मूळ फाँटचे नाव बहुधा टिकून असते. तो फाँट मिळवून बसवला की कालव्यातून मराठी वर येते. ती तत्क्षणी कागदावर किंवा पीडीएफमध्ये उतरवून ठेवावी. युनिकोडमधील रूपांतर त्यानंतर.

हा क्रम सोडला तर काय होते, ते सांगतो. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे याच्या उलट. परिवर्तक हे सारे इकडचे तिकडे करतो आणि बहुतेक वेळा बरोबर करतो. आमच्या फाइलींत मात्र त्याने अर्ध्या ‘ऱ’चा सरसकट रफार केला. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला. सासरच्या वाटेवरच्या दऱ्या मोजणारी बाई एकाएकी समुद्रकाठी जाऊन बसली! शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राला यात काहीच वावगे दिसले नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध. मूळ फाँटमधली छापील प्रत शेजारी होती, म्हणून ती बाई घाटात परतली.

हे काम संगणकतज्ज्ञाचे, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. हे पाठचिकित्सेचेच काम आहे. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे खपून सिद्ध केली. तिथे पाठभेद लेखनिकांच्या हातून शिरले होते, इथे ते परिवर्तकाच्या हातून शिरतात, एवढाच फरक.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात आमच्या कात्रजच्या तळ्यातून पुण्याच्या हौदांना पाणी नेणारा भुयारी नळ बांधला गेला. वाटेत त्याला उच्छ्वास ठेवले होते. तिथून आत डोकावता येई, गाळ काढता येई. पाणी तळ्यात भरपूर असून भागत नाही, वाट राखावी लागते, हे त्या बांधणाऱ्यांना ठाऊक होते.

आपापल्या विभागाच्या कपाटात असे प्रबंध, अशा मुलाखती, अशी शब्दसंकलने पडून आहेत. ज्या फाँटमध्ये ती टंकली त्याचे नाव सांगू शकणारी माणसे अजून निवृत्तीच्या उंबरठ्यावर भेटतात. त्यांना विचारून ते नाव आधी पाकिटावर लिहून ठेवावे.