दाताच्या डॉक्टरने पाठ का पाहिली?

दाताचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा, एवढीच आपल्या वस्त्यांतली समजूत. त्यात दंत महाविद्यालयात तरुण मुले-मुली तपासायला दिसली की लोक कुरकुरतात, "हे शिकाऊ आमच्यावर हात साफ करणार!" कारकुनी सांभाळून रुग्णांना सरकारी इस्पितळात नेण्याचे काम मी बरीच वर्षे करतो. बी.कॉम. झालेल्या माणसाला वैद्यकातले काय कळणार? पण रांगेत उभे राहून जे पाहिले, ते सांगतो.

आमच्या चाळीतल्या एका मावशींचे तोंड चार महिने आलेले होते. भाकरी सोडाच, पाणीही झोंबायचे. कुणी पोटातली उष्णता म्हणाले, कुणी गुलकंद दिला. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्याही झाल्या. शेवटी त्यांना दंत महाविद्यालयात नेले. तिथे ओरल मेडिसिन विभागात एमडीएस करणाऱ्या मुलीने तोंड तपासले आणि विचारले, "मावशी, अंगावर फोड आलेत का? पाठ दाखवता?"

मावशी माझ्याकडे बघू लागल्या. तोंड दाखवायला आलो आणि ही पाठ बघते! पडद्याआड पाहिले, तर पाठीवर दोन-तीन फुटलेले फोड निघाले. मावशी त्यांना घामोळे समजत होत्या.

त्याच दिवशी त्वचारोग विभागाची चिठ्ठी मिळाली. तोंडातला लहानसा तुकडा काढून तपासला. आजार निघाला पेम्फिगस. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच कातडीवर उलटते. पुष्कळ रुग्णांत तो आधी तोंडात दिसतो, अंगावर नंतर. स्टिरॉइडची औषधे येण्यापूर्वी बहुतेक रुग्ण दगावत. मावशींची औषधे अजून चालू आहेत, पण त्या भाकरी खातात.

मी त्या मुलीला विचारले, "डॉक्टर, पाठीचे कसे सुचले?" ती म्हणाली, "काका, स्किनच्या वॉर्डात माझी पोस्टिंग होती. असे रुग्ण तिथे खाटेवर पाहिलेत."

ही पोस्टिंग म्हणजे काय? बीडीएसनंतर एमडीएस तीन वर्षांचे. ओरल मेडिसिनच्या विद्यार्थ्यांना त्यातला काही काळ आपली खुर्ची सोडून मोठ्या इस्पितळात मेडिसिन, त्वचारोग, कर्करोग अशा विभागांत काढावा लागतो. मधुमेहाने हिरड्या कशा खराब होतात, रक्ताच्या कर्करोगात हिरड्या सुजून रक्त कसे येते, हे तिथे दिसते. मान-तोंडाच्या कर्करोगावर शेक दिला की लाळ आटते आणि दात किडतात, म्हणून शेकाआधीच दात तपासायचे, हेही तिथेच कळते. पुस्तकातली एक ओळ खाटेजवळ उभे राहिल्यावर पक्की होते.

आपल्या घरांना तर या डॉक्टरांची फारच गरज आहे. बायका मिश्री लावतात, पोरे पुड्या फोडतात. महाराष्ट्रात 2012 साली गुटखाबंदी झाली, तरी पुडी मिळतेच. "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो," असे सांगणारे पुष्कळ. पण नुसती सुपारीही कर्करोग करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले आहे. सुपारीने गाल आतून पांढरट, ताठ होतात आणि तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी तोंडात जातात का, हे घरोघरी करून पाहा. जात नसतील तर थांबू नका. दोन आठवड्यांत बरा न होणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा असेल तरीही दाखवा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

आणि तिथला तरुण डॉक्टर साखरेचे, रक्तदाबाचे, जुन्या गोळ्यांचे विचारू लागला तर वैतागू नका. जुने केसपेपर सोबत न्या, खरे ते सांगा. त्याच्यामागे वरिष्ठ प्राध्यापक असतात. शंका आली तर त्यांना बोलवा म्हणावे, तो आपला हक्क आहे. पण त्याला नीट तपासू द्या. आज आपली मुलेही डॉक्टर होत आहेत. तीही अशीच कुणाच्या तरी खाटेजवळ उभी राहून शिकणार आहेत.