पाऊणकी

आम्ही मार्केट यार्डाच्या शेजारी राहतो. आमच्याकडे कोकण येते ते चैत्र-वैशाखात, हापूसच्या पेट्यांतून. रात्रभर घाट चढून आलेल्या मालमोटारी पहाटे उभ्या असतात आणि त्यांचे चालक गाडीतच निजलेले दिसतात. गाडीत राहणे म्हणजे पोटासाठी सोसावयाचे कष्ट, असेच मी समजत आलो. हौसेने गाडीत राहावयास निघालेले पहिले गृहस्थ म्हणजे आमचे चिरंजीव.

2021 साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हान-पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून हे वेड त्यांच्या डोक्यात होते. अंथरूण, शेगडी व मोरी जीत आहे अशी मोटार भाड्याने घ्यावयाची आणि रेवसपासून रेडीपर्यंतचा सुमारे पाचशे किलोमीटरांचा किनारा आठ दिवसांत पाहावयाचा. बरोबर सूनबाई व दोन वर्षांचा नातू. रात्री गाडी वाळूतच, लाटांसमोर उभी करावयाची, हा त्या बेताचा कळस!

"वाळूत गाडी नको," मी म्हणालो.

"नाना, तुम्ही उगीच भिता."

तेव्हा चाळीस वर्षे घरात न सांगितलेली गोष्ट मला सांगावी लागली. नवा शिक्षक असताना मी मुलांची सहल कोकणात नेली होती. दुपारी बाराला किनारा विस्तीर्ण व टणक दिसला. भांडी वाहावी लागू नयेत म्हणून मीच गाडी खाली वाळूत आणविली. जेवणे झाली, खेळ रंगले. एका मुलाच्या अंगात कणकण होती. तो गाडीत निजला होता. साडेचारच्या सुमारास पाहतो तो पाणी चाकांना लागलेले, आणि चाके रुतलेली. कोळ्यांनी धावत येऊन त्या मुलाला खांद्यावरून बाहेर आणले.

त्यांतील एका वृद्धाने विचारले, "गुरुजी, आज तिथ कोणती?"

"अष्टमी," मी तत्काळ सांगितले.

"मग सहाला भरती, एवढे ठाऊक नव्हते?"

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. हिशेब स्थूल खरा, पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. पंचांग मला येत होते, पाऊणकी मी लहानपणी घोकली होती. दोहोंचा मेळ मात्र त्या कोळ्याजवळ होता. मूल वाचले. परंतु त्याच्या आईला मी खरी हकीकत कधीच सांगितली नाही. ती बोच अजून जात नाही.

चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग सूनबाई म्हणाल्या, "नाना, पंचांग काढता का?"

त्या रात्री बेत नव्याने मांडला. रेवस आणि रेडी दोन्ही गळाली. हरिहरेश्वर ते गुहागर एवढेच उरले. ताम्हिणी घाटाने उतरावयाचे. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवून वेश्वीला, पुढे दाभोळहून तशीच धोपाव्याला, आणि चिपळूणवरून कुंभार्ली घाटाने परत. दोन खाड्या, चार मुक्काम. रोजचा प्रवास दोन-तीन तासांचा, तोही बाळाच्या दुपारच्या झोपेत. रात्री गाडी वाळूत नव्हे, तर गावात कोणाच्या तरी अंगणात, रीतसर विचारून. मोबाईलला रेंज नसेल तेथे शोधाशोध नको म्हणून सूनबाईंनी जवळची डॉक्टरांची गावेही कागदावर लिहून घेतली: श्रीवर्धन, दापोली, चिपळूण.

मुहूर्त मी काढला: मार्गशीर्ष वद्य चतुर्थीच्या आसपासचा. चतुर्थीला भरती तीनला. म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. कोवळ्या उन्हात बाळाला मोकळी वाळू, आणि पाणी चढेल तेव्हा तो गाडीत निजलेला. निघण्यापूर्वी हे सारे भरतीच्या छापील कोष्टकाशी ताडून पाहावयाचे ठरले आहे.

गाडीत आणखी एक अंथरूण आहे असे सूनबाई सुचवितात. अजून मी होकार दिलेला नाही. पिशवीत पंचांग तेवढे ठेवले आहे. नातवाला आकडे येत नाहीत. येऊ लागले की शाळा काहीही शिकवो, पाऊणकी मी शिकविणार.