प्लास्टर उतरेपर्यंतचे भाडे

नगरधनहून रामटेकला शाळेत येणारी माझ्या वर्गातली मुलगी दिवाळीनंतर पाय मोडून घरी बसली. दहावीचे वर्ष होते. मी तिच्या वडिलांना फोनवर म्हणालो, ‘आराम करू द्या, प्लास्टर उतरलं की पाठवा.’ आणि हजेरीपटावर गैरहजेरी मांडत राहिलो.

तिच्याकडे अहिल्यादेवी होळकर योजनेचा एसटीचा मोफत पास होता. त्यामुळे जाण्यायेण्याच्या खर्चाचा विचार माझ्या मनात आलाच नाही. पण मांडीपर्यंत प्लास्टर घालून ती एसटीच्या पायऱ्या चढणार कशी? तिला ऑटो लागत होता. ‘रोजचा ऑटो लावला तर मजुरी त्यातच जाते, सर,’ हे वडिलांनी सांगितले तेव्हा बरेच दिवस बुडाले होते.

मग मी नियम न वाचता त्यांना दिव्यांगत्वाचा दाखला काढायला नागपूरला पाठवले. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत मिळते, पण त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. जुळून येणारे हाड त्यात बसत नाही. ते रिकाम्या हाताने परतले. त्या दिवसाची मजुरी माझ्यामुळे बुडाली.

राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजनाही मी उशिरा वाचली. तिच्यात मुख्यतः मृत्यू, कायमचे अपंगत्व आणि शस्त्रक्रिया यांसाठी मदत आहे. हिला नुसते प्लास्टर होते.

शेवटी मी प्रार्थनेच्या वेळी तिचे नाव घेऊन वर्गणी मागितली. पैसे जमले. वडिलांनी घेतले नाहीत. ‘आम्ही मागितलं होतं का, सर?’ एवढेच म्हणाले. मुलगी पास झाली, पण बुडालेले गणित आणि विज्ञान तिने एकटीने भरून काढले.

आता असे काही घडले की मी त्याच दिवशी फोन करतो: शाळेत कसे येणार, सोबत कोण, ऑटो कोणाचा? शिक्षकांनी मिळून ठेवलेल्या पैशांतून भाडे थेट ऑटोवाल्याला जाते. वर्गात कोणाला कळत नाही. वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर खाली आणतो.

पण ही सोय एका शाळेतल्या शिक्षकांच्या मर्जीवर राहू नये. अपघात योजनेतच एक कलम हवे: डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की प्लास्टर उतरेपर्यंतचे प्रवासभाडे शाळेने लगेच द्यावे आणि शासनाने ते शाळेला परत करावे. पालकांना अर्ज घेऊन फिरावे लागू नये.