वायफायच्या माहेरी

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालं की मुर्धा लागतं, मग राई, पुढे मोर्वा. राई सोडून सिडनीत संसार थाटलेल्या माणसाचा रविवारचा व्हिडिओ कॉल ठरलेला असतो. जून-जुलैत सिडनीत दुपारचे अडीच म्हणजे राईत सकाळचे दहा. आई नाश्ता आटपून फोनपुढे बसलेली. मध्येच चित्र थिजतं, आवाज तुटतो आणि राईहून शेरा येतो, "आमचं बरोबर चाललंय रे, तुझंच अडकतंय."

आणि ते खरंच असतं. गावात केबलवाल्याने गच्चीवरून गच्चीवर वायर ओढून, खिडकीच्या कोपऱ्यातून आत घेऊन, घरात सगळे जिथे बसतात तिथेच राउटर ठोकून दिलेला असतो. सिडनीत तो हमखास गॅरेजमध्ये किंवा पुढच्या दाराजवळच्या कपाटात सापडतो. कारण एनबीएन, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ब्रॉडबँडचा डबा तिथे बसवलेला. संगणक मात्र घराच्या दुसऱ्या टोकाला.

गंमत अशी की हे रडगाणं वायफायच्या माहेरी चाललंय. सिडनीच्याच मार्सफील्ड उपनगरात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आहे. जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांचे चार सहकारी यांनी तिथे काम केलं आणि १९९६ मध्ये वायफायला उपयोगी पडलेल्या त्यांच्या पद्धतीला अमेरिकी पेटंट मिळालं. त्याआधी, १९७० च्या दशकात, ओ'सलिव्हन स्फोट पावणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे रेडिओ संदेश शोधत होते. ते काही सापडले नाहीत. पण विस्कटलेला संदेश सावरण्याचं गणित हाताशी राहिलं आणि ते खोलीतल्या लहरींना लागू पडलं. भिंती, कपाटं, टेबलं यांवर आपटून एकच संदेश थोडाथोडा उशिरा पुन्हापुन्हा येतो; म्हणून माहिती अनेक संथ प्रवाहांत वाटून पाठवायची. या पेटंटने संस्थेला चाळीस कोटी डॉलरहून अधिक मिळवून दिले.

या संस्थेचं राईच्या ठाणे जिल्ह्याशीही जुनं नातं आहे. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९५३ मध्ये तिच्या रेडिओभौतिकी विभागात काम शिकायला आले होते. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या सहा फुटी ३२ तबकड्या पुढे भारताला भेट मिळाल्या आणि १९६५ मध्ये कल्याणला उभ्या राहिल्या. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही स्वरूप यांचीच कामगिरी.

पण वायफायचा एवढा मोठा वारसा विटांपुढे हात टेकतो. सिडनीतल्या जुन्या घरांच्या भिंती 'डबल ब्रिक', म्हणजे विटांचे दोन थर आणि मध्ये पोकळी. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण अशा दोन भिंती ओलांडताना तिचा जीव जातो. २.४ ची थोडी लांब पोचते. मात्र त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि चालू मायक्रोवेव्ह यांची गर्दी. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे नेहमीचे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. फोनवरच्या एखाद्या मोफत ॲपने आजूबाजूला कोणता मोकळा आहे ते दिसतं; राउटरच्या सेटिंगमध्ये तो निवडायचा.

उरलेला दोष टेबलाखाली असतो. संगणकाचा लोखंडी डबा भिंतीला टेकलेला, त्याच्या पाठीमागे बोटभर वायफाय डोंगल आणि शेजारच्याच खाचेत यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. ही डिस्क चालू असताना नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन घेऊन डोंगल टेबलावर आणला, तर पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागतं. राउटर कपाटातून काढून उंचावर ठेवावा. आरसा, फ्रिज आणि माशांची टाकी यांच्या आड नको. साधा रिपीटर मात्र तोच संदेश त्याच चॅनेलवर पुन्हा पाठवतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

खात्रीचा उपाय अजूनही वायरच. राईत त्यासाठी एक फोन पुरतो. ऑस्ट्रेलियात भिंतीतून किंवा छतातून कायमची डेटा केबल टाकायची तर नोंदणीकृत केबलरच बोलवावा लागतो. घर स्वतःचं असलं तरी स्वतः टाकणं नियमबाह्य. जमिनीवरून मोकळी सोडलेली तयार केबल मात्र चालते, आणि बऱ्याच मराठी घरांत ती गालिच्याखालून गेलेली दिसते.

म्हणून नवा राउटर किंवा महागडा प्लॅन घेण्याआधी एकदा लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजा. तिथेही कमी भरला, तर कंपनीकडे तक्रार करा. तिथे पुरेसा मिळाला, तर आधी राउटर हलवा.