हनोईचं कासव आणि कृष्णेचं

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गाला आम्ही एक माहितीपट दाखवला. इशानंतर घरी मुलांसोबत पाहिला होता, धाकटीला रडू आलं होतं. वाटलं, शाळेतही दाखवावा. विषय होता चीन आणि व्हिएतनाममधलं मऊ कवचाचं महाकाय कासव. पाठीवर टणक ढाल नाही, चामड्यासारखी कातडी, नळीसारखं नाक आणि वजन शंभर किलोच्याही वर.

हनोई शहराच्या मधोमध होआन किएम तळं आहे. पंधराव्या शतकात ले लोई राजाने आपली तलवार तिथल्या कासवाला परत दिली, अशी दंतकथा. त्या तळ्यातलं शेवटचं कासव जानेवारी २०१६ मध्ये मेलं. चीनच्या सुझोऊ प्राणिसंग्रहालयात एक म्हातारा नर होता, त्याच्यासाठी २००८ मध्ये चांगशाहून मादी आणली. तिने वर्षानुवर्षं अंडी घातली, एकातूनही पिल्लू निघालं नाही. एप्रिल २०१९ मध्ये कृत्रिम गर्भधारणेचा पाचवा प्रयत्न झाला आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. मग हनोईजवळच्या डोंग मो तलावात २०२० मध्ये आणखी एक मादी सापडली. केवढी आशा! एप्रिल २०२३ मध्ये तीही मेलेली मिळाली.

वर्ग गप्प होता. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला.

"सर, असलं कासव आमच्या जाळ्यात येतंय."

त्याचे वडील कृष्णेवर मासे धरतात. कोणीतरी विचारलं, मग काय करता? तो सहज म्हणाला, "खातो." सगळे हसले. आणि वीस वर्षं शिकवणाऱ्या आम्ही त्याला सगळ्यांदेखत सुनावलं की हा गुन्हा आहे, जेल होते. दोन दिवस पोरगं शाळेत आलं नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील जाळं सांधत बसले होते. रागावले नाहीत, चहा सांगितला. म्हणाले, "सर, माझ्या बापाच्या वक्ताला उन्हाळ्यात डोहात चार-पाच तरी दिसायची. आता तीन वर्सांत एक गावलं. काठाची वाळूच उपसून नेली, अंडी घालायची कुठं त्यानं?"

रात्री शोधून वाचलं. ते लीथचं कासव असावं. हनोईच्या कासवाच्याच कुळातलं, आकाराने लहान, आणि तेही नामशेष होण्याच्या काठावर. होआन किएमच्या तारखा आम्हाला तोंडपाठ, आणि घरापासून दोन मैलांवरच्या नदीतल्या मखलूकचं नाव कळायला चाळिशी उलटावी लागली. त्याच्यावर माहितीपट काढायला कोणी आलेलं आमच्या पाहण्यात नाही.

मुलगा परत आला तेव्हा वर्गासमोर त्याची माफी मागितली. जीभ जड झाली होती. पण बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करायचा असतो, अल्लाहकडे तौबा करून तो फिटत नाही, हे अम्मीने लहानपणीच शिकवलेलं. पोराने खाली बघत मान हलवली, तेवढंच.

मार्चमध्ये रात्री दहा वाजता फोन आला.

"सर, आलंय जाळ्यात. परातीएवढं हाय. बघायला येताय, का सोडू लगेच?"

धाकटी अंथरुणात होती. तिला तशीच उठवलं, स्कूटरवर मागे बसवलं आणि घाटाकडे निघालो.