रक्तातला ताल

पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर मुळात कुठल्या मुलखातला, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. 1660 साल, भर पावसातला वेढा, विशाळगडाची वाट, घोडखिंड हे सगळं तोंडपाठ. जौहर मात्र नुसता ‘सिद्दी’, म्हणजे शत्रू. तो हबशी होता, म्हणजे मूळचा आफ्रिकेतला. आणि वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर चालून आलेला सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह, हेही हबशीच. म्हणजे कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर आफ्रिका दोन्ही बाजूंनी लढून गेली होती, आणि आम्ही दरवर्षी त्याच रस्त्यानं सहलीला जात होतो. पुढं संस्थानाच्या काळात शिकारीसाठी इथं आफ्रिकेतून चित्तेही आले. चित्त्यांची आठवण लोक अजून हौसेनं काढतात. माणसांची कुणी काढत नाही.

यंदाच्या उन्हाळी सुट्टीत आफ्रिका जेंबे नावाच्या ढोलाच्या रूपानं आली. भाच्याला घेऊन मी एका शिबिराला जात होते. सभागृहात खुर्च्या गोल मांडलेल्या, प्रत्येकीपुढं एकेक जेंबे. शिकवणारा तरुण पुण्याचा, हाताचा तयार आणि मुलांशी बोलण्यात गोड. पहिल्या दहा मिनिटांत तो म्हणाला, “आफ्रिकन माणसाच्या रक्तातच ताल असतो.” पालकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, पण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचत असताना हलगीवाल्यांकडं बघून शेजारचा गृहस्थ हेच म्हणाला होता: “ह्यांच्या रक्तातच हाय ते.” ती दोन्ही वाक्यं माझ्या डोक्यात एकमेकांना चिकटून बसली आणि बाकीचं शिबिर मी त्यांच्यासकटच पाहिलं.

शिबिर वाईट नव्हतं, हे आधी सांगायला हवं. कातड्याच्या मध्यभागी तळवा पडला की खर्ज, कडेला बोटं जुळवून मारली की मोकळा टोन, बोटं सैल सोडून मारली की कडक स्लॅप, हे तीन आवाज दुसऱ्या दिवशी बहुतेकांच्या हाताखालून निघायला लागले. खरी मजा आली ती घंटेच्या दिवशी. घाना आणि टोगोमधले एवे लोक गांकोगुई नावाची लोखंडी जोडघंटा वाजवतात. तिच्यावरचा एक प्रसिद्ध बाज असा: बारा बारीक मात्रा मोजायच्या आणि त्यांत सात ठोके टाकायचे. ठोक्यांमधली अंतरं दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. वाचकांनी टेबलावर करून पाहावं. पहिल्या फेरीत जमतं, तिसऱ्या फेरीत आपला पहिला ठोका कुठला होता हेच हरवतं. याच बारा मात्रा पायानं चार-चार सोडून मोजल्या तर फेरीत तीन पावलं पडतात, तीन-तीन सोडून मोजल्या तर चार. घंटा दोन्ही मोजण्यांना नाही म्हणत नाही.

आमच्यासारख्यांची इथं अडचण होते. गायक अल्लादियाखाँसाहेब ज्या कोल्हापुरात राहिले, जिथं 1883 पासून देवल क्लब ही गाण्याची संस्था आहे, तिथल्या माणसाला समेवर मान डोलवायची सवय फार लवकर लागते. सगळे एका जागी येऊन मिळणार, ही खात्री म्हणजेच आमचं संगीत. एवे वादनात प्रत्येक ढोल आपापल्या जागेवरून निघतो, एकाचं पहिलं पाऊल दुसऱ्याच्या मधल्या पावलावर पडतं, आणि सगळे एकमेकांना ओळखतात ते त्या घंटेमुळं. दाद द्यायची ठरलेली जागाच नाही. भाच्याला याचं काही वाटलं नाही. तालमीच्या पोरांबरोबर लेझीम खेळलेला असल्यानं पायात एक आणि हातात दुसरं ठेवायची त्याला सवय होती. “आत्या, तू मोजत बसतेस म्हणून चुकतेस,” असं त्यानं मला सुनावलंसुद्धा.

आणि मग मला कैताळ ऐकू यायला लागला. सभागृहात नव्हे, डोक्यात. हलगी, घुमकं, कैताळ या आमच्या वाद्यांच्या तिकडीत कैताळवाला बाजूला उभा राहून एकच ठोका धरतो. फोटो काढणारे त्याला फोटोत घेत नाहीत. पण त्याचा हात अडखळला की हलगीवाला मान वळवून बघतो. घंटेचं काम तो करतो. घुमकं खालचा घोष धरून ठेवतं आणि त्याच्यावर हलगी मोकळी सुटते. पश्चिम आफ्रिकेत तिखट वाद्य पुढं की खर्जाचं, याच्या दोन्ही तऱ्हा सापडतात. एवेंकडं पुढारी ढोल खर्जाचा, आत्सिमेवु नावाचा उंच ढोल, आणि बारीक आवाजाचे लहान ढोल आपापला ठरलेला तुकडा न सोडता वाजवतात. गिनी आणि मालीच्या मांडे लोकांकडं उलट: तिखट आवाजाचा जेंबे पुढं धावतो, डुंडुन नावाचे जाड ढोल खाली जमीन धरतात. आपली हलगी या दुसऱ्या घरातली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध असलाच पाहिजे असं मला मुळीच म्हणायचं नाही. कुस्तीच्या मैदानात किंवा लग्नाच्या नाचात, जिथं हजार माणसांच्या गलक्यावर चढून बोलायचं असतं, तिथं माणसं तिखट आवाजाला पुढं करतात, एवढं साधं कारण मला पुरतं.

आता त्या रक्ताकडं येते. जेंबे जगभर गेला तो रक्तातून वाहत गेला नाही. फोदेबा केइता यांनी पॅरिसमध्ये उभा केलेला ‘ले बॅले आफ्रिकें’ हा संच 1958 साली गिनी स्वतंत्र झाल्यावर त्या देशाचा राष्ट्रीय संच झाला. राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांच्या सरकारनं गावागावातून वादक निवडून आणले, त्यांच्याकडून तासन् तास तालीम करून घेतली. मामादी केइता हे पुढं जगप्रसिद्ध झालेले जेंबेवादक बॅले जोलिबा या दुसऱ्या सरकारी संचात निवडले गेले तेव्हा चौदा वर्षांचे होते. 1984 मध्ये तुरे गेले, सरकारी आधार आटला, आणि त्या पिढीतले कितीतरी वादक परदेशात शिकवून पोट भरू लागले. मामादी यांनी 1991 साली ब्रुसेल्समध्ये स्वतःची शाळा काढली. गोल खुर्च्या मांडून आपल्याकडं जी शिबिरं होतात, त्यांच्या मागं हा सगळा घाम आहे. सेनेगलमध्ये तर साबर ढोल वाजवणारे गेवेल ही वोलोफ समाजातली पिढीजात वादकांची जात. लग्न-बारशाला त्यांच्यावाचून अडतं आणि सोयरीक करताना मात्र त्यांचं घर टाळलं जातं. हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. शिबिरात मात्र हे कुणी सांगितलं नाही. तिथं आफ्रिका म्हणजे हसतमुख माणसांचा एक मोठा देश होता.

आमच्या भागातल्या गणपतीत हलगी वाजवायला येणारे एक मामा आहेत. साठीच्या पुढचे, मातंग समाजातले. ते कसे शिकले हे मी त्यांना यावर्षी पहिल्यांदाच विचारलं. इतकी वर्षं विचारावंसं वाटलं नाही, याला काय म्हणायचं ते म्हणा. “तेलाच्या डब्यावर,” ते म्हणाले. “वडील हलगीला हात लावू द्यायचं न्हाईत. दोन काड्या आन् डबा. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्यात लांब काडी. डावा हात तयार व्हायला दोन वर्सं गेली. पानी आनायला जाताना बी बोटं चालूच.” मग शेकणं. कागद-पाचोळ्याच्या जाळावर हलगी किती वेळ धरायची, कातडं कुठल्या आवाजाला आलं की मागं घ्यायची, हे चुकलं तर कातडं फुटतं आणि सुपारी जाते. हे शिकायला आणखी काही वर्षं. कुस्ती लागल्यावर पैलवानाचा पट बघून गत कशी वाढवायची, काठी नाचवणारा दमला हे कसं ओळखायचं, ते निराळंच.

एवढ्या सगळ्याला आपण ‘रक्तात’ म्हणतो. म्हणताना कौतुकच करत असतो, त्यात शंका नाही. पण जे रक्तात आहे ते शिकलेलं नाही, आणि जे शिकलेलं नाही त्याचं मोल कसं करणार? तबल्याच्या शिकवणीची फी आपण महिन्याच्या पहिल्या तारखेला देतो. हलगीवाल्याशी दारात घासाघीस करतो. गावकीच्या काळात दवंडीला, जत्रेला, मयताला वाजवणं ही अस्पृश्य ठरवलेल्या जातींकडून हक्कानं करून घ्यायची कामं होती. 1920 साली इथून जवळच माणगावच्या परिषदेत शाहू महाराज आणि बाबासाहेब एका व्यासपीठावर आले. त्यानंतरच्या चळवळीत गावोगाव अनेकांनी ही कामं टाकली. मेलेली जनावरं ओढणं थांबलं तसं कित्येक ठिकाणी वाजवणंही थांबलं. कला बुडाली म्हणून हळहळणाऱ्यांत मी नाही. मामांचा मुलगा आयटीआय करून शिरोलीच्या एमआयडीसीत लागला आहे आणि हलगीला हात लावत नाही. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

रक्ताचा हा हिशेब सरकारंही मांडतात. बेळगावच्या पलीकडं खानापूर, हल्याळ, यल्लापूरच्या रानात सिद्दी राहतात. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकन गुलामांपैकी निसटून घाटावर आलेल्यांचे ते वंशज. कोकणी बोलतात, मराठी-कानडीही. सणासमारंभाला डमाम नावाचा ढोल वाजवून नाचतात. 1987 साली भारतीय क्रीडा प्राधिकरणानं खेळाडू घडवायच्या योजनेत सिद्दी मुलं उचलली. आफ्रिकन वंशाचे आहेत, धावतीलच, असा हिशेब होता. काही मुलं चांगली तयार झाली. 1993 मध्ये योजना गुंडाळली आणि मुलं परत रानात. रक्तावर भरवसा ठेवणाऱ्याला वर्षानुवर्षांचा सराव, खुराक, नोकरी यांचा खर्च नेहमीच फाजील वाटतो. त्याच मुलखात मंचीकेरीच्या सिद्दींनी ऐंशीच्या दशकात नीनासम या नाट्यसंस्थेच्या चिदंबरराव जंबे यांच्याबरोबर चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीचं कानडी नाटक केलं होतं. नायजेरियातल्या गावाची कहाणी यल्लापूरच्या सिद्दींनी कानडीत पाठ करून उभी केली. मला शिबिर म्हटलं की आता ते आठवतं. तिथं कुणी ‘तुमच्यात आहेच’ म्हणून थांबलं नाही. नाटक बसवतात तसं बसवलं.

पुढच्या वर्षीचं शिबिर ठरवणाऱ्यांत माझी थोडी ओळख आहे. एक दिवस हलगीचा ठेवा, असं मी सुचवलं. “उद्घाटनाला वाजवायला बोलवू की,” असं उत्तर आलं. उद्घाटनाला नव्हे, शिकवायला, हे समजावण्यात अर्धा तास गेला. मग मामांकडं गेले.

“शिकवतो की,” ते म्हणाले. “पन चैतात न्हाई जमायचं. जोतिबाची यात्रा, मग गावोगावच्या जत्रा. मे म्हैना बघा.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “त्या पुण्याच्या पोराला किती दिलंसा, ताई?”

मी आकडा सांगितला. त्यांनी तो एकदा स्वतःशी म्हणून पाहिला.

“मग मला बी तेवढंच. वाजवायचं न्हवं, शिकवायचं पैसं. आनि हलग्या तुमच्या तुम्ही आना. माझ्या दोन हायत, त्या मी कुनाच्या हातात देत न्हाई.”